तोंड न दिसणारी ओळ

आमच्या घरी टीव्हीवर काही नीट बघायचं म्हटलं की खिडकीची सारखी उघडझाप करावी लागते. चित्राला अंधार हवा आणि माझ्या बोलण्याला उजेड. यजमानांना ऐकू येत नाही. मुलगा सातवीत होता त्या सुमारास यांचे कान जायला लागले आणि तो कॉलेजात जाईपर्यंत पुरते गेले. तेव्हापासून हे ओठ वाचतात. म्हणजे मला काही सांगायचं झालं की आधी चित्र थांबवायचं, उठून खिडकी उघडायची, उजेडाकडे तोंड करून सावकाश बोलायचं आणि पुन्हा खिडकी लावून पुढे बघायचं. लहानशा गाण्यालाही अशी अख्खी दुपार पुरते. गेल्या दिवाळीनंतर आमच्या कितीतरी दुपारी एकाच गाण्यात गेल्या.

गाणं आमच्या मुलाचं. तो पुण्याला एका कंपनीत कामाला आहे आणि सुट्टीच्या दिवशी चौघांच्या बँडमध्ये गातो. रॉक संगीत. हे नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मला वाटलं होतं की पोरगं कानठळ्या बसवणारं काहीतरी करत असणार, आणि माझा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. या खेपेला मात्र त्यांनी गाणं मालवणीत केलं आणि त्याचा व्हिडिओ काढायला चतुर्थी आटोपल्यावर चौघंही आमच्याकडे मालवणात येऊन राहिली. ओटीवर, माजघरात, न्हाणीच्या वाटेवर, जिथे पाय ठेवावा तिथे वायरी. मी रोज बांगडे तळत होते आणि ती रोज संपवत होती.

मी हायस्कुलात चित्रकला शिकवत होते. निवृत्त झाले तरी खोड गेलेली नाही. कुणाच्या लग्नाचा अल्बम हातात आला तरी मी मनातल्या मनात गुण देत बसते, आणि कमीच देते. आमच्या किनाऱ्यावर आता जो तो ड्रोन उडवतो. किल्ला वरून, होड्या वरून, नवरानवरीसुद्धा वरून. इतक्या उंचावरून सगळंच सुंदर दिसतं, त्यात काढणाऱ्याचं कर्तृत्व ते काय? त्यामुळे मुलाचा व्हिडिओ फोनवर आला आणि आम्ही तो टीव्हीवर लावला, तेव्हा मी पेपर तपासायला बसावं तशीच बसले होते.

पहिलं चित्र आमच्या गावामागच्या सड्याचं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पाऊस ओसरत आला की त्यावर गवत आणि बारीक फुलं येतात. पहाटेचं धुकं आहे, आणि त्या धुक्यात पार मध्यभागी एवढासा ड्रमसेट मांडून ठेवलाय. वाजवणारा कुणी नाही. कॅमेरा हलत नाही. एक गाय डावीकडून येते, ड्रम हुंगते आणि उजवीकडे निघून जाते, तरी कॅमेरा हलत नाही. बघणाऱ्याला वाटावं, टीव्ही अडकला की काय. आणि मग एकदम अगदी जवळून ओली झांज दिसते. तिच्यावर काठी पडते आणि दवाचे थेंब उडून हवेतच उभे राहतात. तिथून गाणं सुरू. माझ्या अंगावर काटा आला. हे मी मुलाला अजून सांगितलेलं नाही.

पुढच्याच मिनिटाला मी चिडले. त्यांनी हिरवा रंग काढून टाकला होता. भाद्रपदातलं कोकण, आणि त्यात हिरवा नाही. गवत राखाडी, माड राखाडी, भात राखाडी. तांबडी माती आणि माणसांची कातडी तेवढी रंगात ठेवलेली. मी लगेच फोन करून मुलाला झाडलं. तो म्हणाला की व्हिडिओच्या कापाजोडीचं, म्हणजे एडिटिंगचं, आणि रंगांचं सगळं काम बँडमधल्या मुलीनं केलंय, जी खालच्या सुराची गिटार वाजवते ती. मग ती स्वतः फोनवर आली आणि म्हणाली, काकू, थोडे दिवस बघत राहा, मग ओरडा. मला हे उत्तर आवडलं. मी बघत राहिले, आणि दोन-चार दिवसांनी मला पटलं. आमच्याकडे हिरवा इतका असतो की त्यात माणूस बुडून जातो, दिसतच नाही. तो काढला तेव्हा माणसं वर आली. आमच्या गल्लीतला न्हावी, मासळीवाली, शाळेतून येणाऱ्या दोन मुली, सगळी नुसती उभी राहून बघतात, आणि आत्ताच मातीतून उठून आल्यासारखी वाटतात.

असं ते गाणं हळूहळू माझ्यात शिरलं. दुपारी जेवून पडलं की डोळ्यांसमोर त्याचे तुकडे फिरत. माजघरातला आमचा जुना पंखा सावकाश फिरतो, त्याचं होतं सायकलचं चाक, चाकाची होते झांज, आणि झांजेचा होतो खाडीच्या तोंडाशी गरगरणारा भोवरा. चारही वेळा ते वर्तुळ पडद्यावर त्याच जागी, त्याच आकाराचं. कुठे एक संपलं आणि दुसरं आलं ते डोळ्याला कळत नाही. जागेपणी बघितलेलं आणि झोपेत बघितलेलं यांत मला फरक करता येईना. एकदा मी खरोखरच पंख्याकडे बघत झोपले आणि जागी झाले तेव्हा आपण खाडीवरच आहोत असं मला क्षणभर वाटलं होतं.

ती गिटारवाली मुलगी स्वतः खाडीत उभी आहे. पाणी कधी घोट्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत, मग पुन्हा गुडघ्याशी. एकाच जागी उभं करून सबंध भरतीभर तिला टिपलं होतं आणि नंतर तुकडे उलटसुलट जोडले होते. सूर चढला की पाणी चढतं, उतरला की उतरतं. मी खिडकी उघडून यांना हे समजावून सांगितलं. यांनी शांतपणे ऐकलं, म्हणजे बघितलं, आणि म्हणाले, "त्या चेडवाच्या पायाकडे एका गाण्यात दोन भरत्यो झाल्यो. सर्दी जातली तिका." मी खिडकी लावून टाकली.

पण हे गाणं यांनी माझ्याहून जास्त वेळा बघितलं असेल. यांना त्याची ओढ का लागली ते सांगायला थोडं मागे जायला हवं. हे तहसील कचेरीत होते, पण पंचक्रोशीत यांना ओळखत ते पखवाजामुळे. आमच्याकडे डबलबारी भजनं होतात. दोन बुवा आपापले संच घेऊन समोरासमोर बसतात आणि आळीपाळीनं गाऊन एकमेकांना आव्हान देतात. हे एका वयस्क बुवांच्या संचात पखवाजाला बसत. कान गेले तसं यांनी ते सोडलं. पखवाज भजनी मंडळातल्या एका होतकरू माणसाला दिला आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण त्यातून म्हणे नुसती भांडी पडल्यासारखा आवाज येतो. ते कपाटात आहे.

तर, मुलाचा आवाज फुटला तो नेमका यांचे कान जात असताना. यांच्या डोक्यात आमचा मुलगा अजून सातवीतल्याच बारीक आवाजात बोलतो. एवढा दाढीवाला पुरुष दारातून आत येतो, तोंड हलवतो, आणि यांना आतून ऐकू येतो तो अर्ध्या चड्डीतला. हे यांनीच मला एकदा सांगितलं होतं, हसत हसत. मला हसू आलं नव्हतं. व्हिडिओचं काम चाललं होतं तेव्हा हे सड्यावर जाऊन ड्रमवाल्याच्या शेजारी उभे राहत. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाले की ढोल पोटात वाजतो, पण गळा कुठे वाजत नाही.

यांच्या कानांचं काम माझ्या तोंडाकडे आलं त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. कापाजोडी मीही करते. शेजारीण कुंपणाच्या गडग्यापलीकडून अर्धा तास बोलते, मी यांना एका वाक्यात सांगते. कुणी काही लागट बोललं तर ते वाटेतच गाळते. कुणी थोडं बरं बोललं तर त्यात चमचाभर साखर जाते. हे मी ठरवून सुरू केलं नाही, होत गेलं. मुलगा गायला लागला तेव्हा यांनी विचारलं होतं, आवाज कसा आहे. मी सांगितलं होतं, गोड. खरं तर गोड नाही. खालच्या सुरात तो जाड, थोडा ओलसर आहे आणि मला फार आवडतो, पण वर गेला की फाटतो. एवढं सगळं उजेडात बसून ओठांनी कसं सांगणार म्हणून मी एक शब्द निवडला होता. यांना तो शब्द पुरला होता, आणि त्यावर हे इतकी वर्षं खूश होते.

आणि आता हा व्हिडिओ. यांना आवाज येत नव्हता, पण ओळी येत होत्या, मुलाच्या ओठांवरून. गाणं मालवणीत असल्यामुळे शब्द अन् शब्द वाचता येत होता. हे बघत असताना एका दुपारी मला एक गोष्ट दिसली. असल्या गाण्यांत गाणाऱ्याचं तोंड पापणी लवेपर्यंत दाखवतात आणि पुढे पळतात. इथे मुलाचा चेहरा ओळच्या ओळ पडद्यावर ठेवलाय. बाकी सगळीकडे कट भराभर पडतात, पण तो गायला लागला की चित्र थांबतं. आणि उजेड कायम एका बाजूने. घरात असो, सड्यावर असो, होडीत असो, तो आधी उजेडाकडे वळतो, हनुवटी किंचित वर करतो आणि मग तोंड उघडतो. व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं होतं की प्रकाशयोजना वेगळीच आहे, स्वप्नासारखी आहे. ती प्रकाशयोजना आमच्या घरची आहे. या घरात कुणाला काही सांगायचं तर आधी खिडकीकडे वळायचं, हे तो सातवीपासून करत आलाय. त्याला शूटिंगच्या वेळी कुणी सांगावंही लागलं नसेल. मला त्या मुलाचा इतका अभिमान वाटला की मी उठून उगाच चहा टाकला.

म्हणूनच ती ओळ यांच्या लक्षात आली. बाकी सगळ्या ओळींना तोंड दिसतं आणि एका ओळीला दिसत नाही.

गाण्यात ती ओळ तीनदा येते. पहिल्या खेपेला, ओळ सुरू व्हायच्या आतच, चित्र मुलाच्या चेहऱ्यावरून उडून खडकांवर आपटणाऱ्या लाटेवर जातं. दुसऱ्या खेपेला पंख्यावर. तिसऱ्या खेपेला आमच्या पायरीवर. तिथे हे बसलेत, मांडीवर सुपात सुकवलेली कोकमाची सोलं आहेत, आणि हे सरळ कॅमेऱ्याकडे बघतात. हा तुकडा कधी घेतला ते यांना माहीतच नव्हतं. पहिल्यांदा बघितला तेव्हा लाजून म्हणाले की निदान शर्ट तरी बदलला असता.

"त्या ओळीक तेचा तोंड कित्याक दिसना नाय?" यांनी मला विचारलं.

मी खिडकी उघडली. आधी शब्द सांगितले. ओळ साधी आहे, वारो पडलो, आता तरी बोल. यांनी ती स्वतःशी एकदा म्हणून बघितली. मग म्हणाले की यात लपवण्यासारखं काय आहे? तेव्हा मी बाईंच्या आवाजात, म्हणजे बाईंच्या चेहऱ्यानं, शिकवायला लागले. चित्रात रिकाम्या जागेला किंमत असते. सगळं दाखवलं की बघणारा आळशी होतो. सगळ्यात महत्त्वाचा शब्द आला की चेहरा काढून घ्यायचा, म्हणजे बघणाऱ्यानं तो आपल्या मनात भरावा. बोल म्हणतोय आणि तोंडच नाही, केवढी ताकद आहे बघा त्यात. मी लाटेचं सांगितलं, पंख्याचं सांगितलं. यांच्या चेहऱ्याचं तर मी फारच सुंदर सांगितलं. बोलता बोलता मला ते सगळं खरंच वाटायला लागलं, आणि थोडंफार ते खरंही असेल.

हे बघत होते माझ्या ओठांकडे, पण मधूनमधून डोळ्यांकडेही. पूर्ण झाल्यावर म्हणाले, बरं. एवढंच. मला तो 'बरं' आवडला नाही.

त्या रात्री मला नीट झोप आली नाही, कारण मला माहीत होतं की तिथे काय आहे. त्या ओळीत 'बोल' हा शब्द पार वर जातो आणि मुलाचा आवाज तिथे फाटतो. तिन्ही वेळा. रेकॉर्डिंग करतानाही फाटला होता आणि त्यांनी तो तसाच ठेवला होता. कान असलेल्या माणसाला त्यात काही विशेष वाटत नाही. उलट लाट आपटते, काच तडकावी तसा सूर तडकतो आणि सगळं एकमेकांत मिसळून जातं. पण तो फाटतो हे खरंच. यांना ते कळलं तर 'गोड' या शब्दाचं काय होणार, आणि तो एक शब्द गेला तर मी इतक्या वर्षांत सांगितलेल्या बाकीच्या शब्दांचं काय? यांना जगातलं जे काही ऐकू येतं ते माझ्यामार्फत येतं. माझं सांगणं हे पुन्हा विश्वासानं घेतील की नाही, याची मला भीती वाटत होती, दुसरी कसलीच नाही.

दोन दिवसांनी मी दुपारची बाजारातून आले. मासे धुवायला ठेवून आत गेले तर टीव्ही चालू, मुलाचा चेहरा पडद्यावर थांबवून ठेवलेला, आणि खिडकी सताड उघडी. खिडकीपाशी माझी खुर्ची उजेडाकडे तोंड करून मांडलेली. मला बसायची खूण झाली. शाळेत जाब विचारायचा असला की मी पोरांना असं बसवत असे, त्यामुळे मला अर्थ कळला.

यांनी पडद्यावर बोट ठेवलं. लाट येण्याच्या अगदी आधीचं चित्र होतं ते, कट पडण्यापूर्वीचा शेवटचा क्षण. मुलाचं तोंड अजून मिटलेलंच आहे, पण खांदे वर आलेत आणि मानेची शीर फुगलीय. मी हे चित्र शंभरदा बघितलं असेन आणि उजेड कुठून पडलाय तेवढंच बघितलं होतं. हे म्हणाले की बुवांची मान अशीच व्हायची.

मग यांनी मला ते सांगितलं, जे मला माहीत होतं पण मी विसरले होते. बुवांचं वय झालं होतं. बारी रंगात आली की त्यांना वर जायचा मोह होई, आणि वर गेले की आवाज जाई. ते होणार हे पखवाजावर बसलेल्या यांना आधी कळायचं, मानेवरून. मग हे हात चढवत, मागचे गाणारे ती ओळ अलगद उचलत, टाळ वाढत, आणि समोरच्या लोकांना वाटे, काय गजर केलाय बुवांनी. बुवांचा फाटलेला सूर त्यात असायचा, पण उघडा पडत नसे. त्यांच्या संचात याला शब्द होता, आडोसो. बुवांना आडोसो करायचा. करणाऱ्यांनी तो कधी बोलून दाखवायचा नाही, आणि बुवांनीही कधी आभार मानायचे नाहीत.

हे सांगून झाल्यावर यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"थंय तेचो आवाज फुटता मां?"

मी उजेडात होते, तोंड फिरवायला जागा नव्हती. मी म्हटलं, "होय. फुटता."

"तिनय वेळा?"

मी मान हलवली. आता पुढचं येणार हे मला ठाऊक होतं आणि ते आलंच. यांनी विचारलं की मग गोड आहे म्हणून का सांगितलंस, आणि त्यानंतर, जरा थांबून, "आजून काय काय गोड करून सांगलंस माका?"

मला रडू आलं. मी खरं तेच सांगितलं की पुष्कळ काही. शेजारणीचं, भावकीतलं, कचेरीतल्या निरोप समारंभातलं साहेबांचं भाषणसुद्धा. साहेब फक्त दोन वाक्यं बोलले होते आणि त्यांतलं एक चहाबद्दल होतं. हे ऐकून यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं. राग आला असता तर मला समजलं असतं. पण हे हसायला लागले, यांच्या त्या हल्लीच्या, जरा जास्तच मोठ्या हसण्यानं. म्हणाले की भाषण लांबलचक होतं असं तू सांगितलं होतंस, मी तेव्हाच मनात म्हटलं होतं की हा माणूस एवढं बोलणारा नव्हे.

मग गंभीर होऊन म्हणाले, "बाकीच्यांचा गोड करूनच सांग. झिलाचा तेवढा खरा सांग."

मुलाचं खरंच सांगेन, मी म्हटलं. त्याहून मोठं वचन मी लग्नातही दिलं नव्हतं.

यांनी चित्र पुढे नेलं. पहिली लाट, मग पंखा. यांना आता ते वेगळंच दिसत होतं, आणि यांच्याबरोबर बघताना मलाही. मी ज्याला रिकामी जागा म्हणत होते ती रिकामी नव्हती. ती गिटारवाली मुलगी तिथे उभी होती, कात्री घेऊन. मुलाची मान ताठरली की ती लाट आणून उभी करत होती, पंखा फिरवत होती. त्यानं सांगितलं नसेल, तिनंही विचारलं नसेल. पुण्यात तो एकटा राहतो, डबा खातो, आजारी पडला तर सांगत नाही. आम्हा दोघांना त्याची ती एकच काळजी होती, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा ती थोडी हलकी वाटली.

तिसऱ्या खेपेला पायरी आली. सुपात सोलं घेऊन हे कॅमेऱ्याकडे बघत होते. खुर्चीतल्या यांनी पायरीवरच्या यांच्याकडे टक लावून बघितलं. चित्र थांबवलं नव्हतं तरी ते मला थांबल्यासारखं वाटलं.

"आनी आडोश्याक माका बसयल्यानी," हे म्हणाले.

हे सांगताना यांचा आवाज बारीक झाला होता. यांना तो कळत नाही, पण मला कळला. कान गेल्यापासून यांनी कुणाच्या गाण्याला हात लावला नव्हता, आणि यांच्या नकळत, शर्ट न बदलता, हे आपल्या मुलाच्या सगळ्यात अवघड सुरावर बसले होते. मला वाटलं होतं तसं हे रडले नाहीत. नुसती मांडीवर बोटं आली आणि तशीच राहिली.

गाणं संपलं. पडदा काळा झाला आणि खिडकीतून येणारा उजेड तेवढा खोलीत राहिला. यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि विचारलं की तो फाटतो म्हणजे कसा फाटतो. मी हातांनी दाखवायला लागले, असा वर जातो आणि असा. यांनी माझे हात खाली केले. "म्हणान दाखय," म्हणाले, आणि आपली चार बोटं माझ्या गळ्यावर ठेवली.

मी गात नाही. शाळेतल्या प्रार्थनेलासुद्धा मी नुसते ओठ हलवत असे. भर दुपारी, मासे न्हाणीत पडलेले, आणि मी उजेडात बसून रॉक गाणं म्हणायला लागले. वारो पडलो, इथपर्यंत ठीक गेले. 'बोल'वर मी मुलासारखा आवाज फाडायचं ठरवलं होतं, पण मला काही करावंच लागलं नाही, तो आपला आपणच फाटला. यांच्या बोटांना ते लागलं. यांनी डोळे मिटून घेतले होते. डोळे मिटले की मी काय बोलते ते यांना दिसत नाही, म्हणजे हे नुसतं बोटांनीच ऐकत होते.

मग यांनी डोळे न उघडताच खालचं म्हणायला सांगितलं. तो खालच्या सुरात गातो तसं, जमेल तेवढं खाली. मी हनुवटी छातीशी नेली आणि सगळं पहिलं कडवं माझ्या नसलेल्या जाड आवाजात, मुलाची आठवण करत करत म्हटलं. गळा घरघरत होता. यांची बोटं जराशी सरकली, घरघर जिथे सगळ्यात जास्त होती तिथे जाऊन थांबली आणि कडवं संपेपर्यंत तिथेच राहिली.

"मोठो झालो तर आवाज," हे म्हणाले.

मी मान हलवली, आणि ती यांच्या बोटांना कळली.